डावा थेंब

काचेच्या पट्टीवर दोन थेंब ठेवते.
उजवीकडे सशाच्या रक्तातून गाळून आणलेला प्रश्न,
डावीकडे नुसतं मिठाचं पाणी.
एकाच वसाहतीतले जिवाणू दोन्हींत कालवते
आणि पट्टी हलवते, मागे, पुढे,
सुपात तांदूळ खेळवावेत तशी.

नमुना तळोज्याचा.
सोललेल्या कोळंबीची गोठलेली वडी,
जहाजावर चढायची ती
तुर्भ्याला आमच्या फ्रीजमध्ये येऊन अडकलेली.
साल्मोनेला आहे हे परवाच कळलं.
शेवडेबाई म्हणाल्या, ते झालं गं,
पण कुठल्या घरचा?

उजवा थेंब फाटला.
नासक्या दुधासारखा, आधी कडेने,
मग सगळा रवाळ.
अंगाचं उत्तर मिळालं: तीन, दहा.
डावा थेंब होता तसाच गढूळ.
मिठाचं पाणी कुणाला काही विचारत नाही,
ते ठेवायचं खात्रीसाठी.
जो त्यातसुद्धा आपला आपण गोळा होतो
त्याचं कुठलंच उत्तर धरायचं नाही.

माझा बाप मिठागरावर होता.
पायांच्या भेगा पांढऱ्या, घरी आला की
आई आधी त्याचे पाय धुवायची, मग बोलायची.
बाजारात कुणी विचारलं, कंच्या गावचा रं तू,
तर एका शब्दात सांगायचा: खाजणवाडी.
विचारणारा मान हलवायचा.
झालं, एवढंच लागायचं.

शेपटीचं उत्तर मात्र सहज मिळत नाही.
या जातीला दोन शेपट्या असतात,
एका वेळी एकच अंगावर.
आज दिसली ती आर.
दुसरी हवी असेल तर पहिलीची वाट अडवायची:
पातळ अगारात तिच्याच विरुद्धचं सीरम मिसळायचं,
मधोमध टोचायचं, आणि घरी जायचं.
जे जुनं नाव घट्ट धरून बसतात
ते टोचल्या जागीच गोळा होऊन राहतात.
सकाळी बशीच्या पार कडेला
धुरकट वलय पोचलेलं असतं,
दुसरं नाव लावून रात्रभर पोहलेलं.

बापाने अर्ज भरले. सर्व्हे नंबर, गट नंबर,
साडेबारा टक्के, वारसाचा दाखला.
एका रकान्यात खातेदार, एकात प्रकल्पग्रस्त,
शेवटी प्लॉटच्या पाटीवर नुसता आकडा.
तो पोहला की टोचल्या जागीच राहिला,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

आज कडेवरचं वलय तपासलं: झेड सहा.
तक्त्यात बोट फिरवत खाली आले,
तीन, दहा, आर, झेड सहा.
नाव: वेल्टेव्रेडेन.
यांची नावं गावांवरून ठेवतात,
पहिल्यांदा जिथे सापडला त्या जागेवरून.
डब्याच्या सुट्टीत मी शोधलं.
जाव्यातली डच लोकांची वस्ती,
नावाचा अर्थ म्हणे, सुखात आहे.
आता त्या शहराच्या नकाशावर ते नाव नाही.
नकाशा बदलला,
जिवाणूला कुणी कळवलं नाही.
तो अजून तेच सांगत फिरतो,
कोळंबीच्या आतड्यात, बर्फाच्या वडीत,
तळोज्याला, तुर्भ्याला,
विचारणारा भेटला की लगेच.

रिपोर्टवर सही केली.
वडी नाकारली गेली, दोन ओळींत.

नवीन आलेली फरझाना
गॅसच्या ज्योतीत तार लाल करत विचारते,
ताई, तुम्ही मूळच्या कुठल्या?
मी सेक्टर सांगते.
ती हसते. तसं नाही हो, मूळच्या.
खाजणवाडी.
ते कुठे आलं?

खिडकीतून पाम बीचकडची इमारत दिसते, तिच्यामागची इमारत,
आणि तिच्यामागे कुठेतरी.
मी घड्याळाकडे बघते.
पट्टीवरचं उत्तर मिनिटभरात यायला हवं.
त्यानंतर जमलेल्या गोळ्या
आम्ही मोजत नाही.